सव्वीस दिवस

ऑल्डरस्टोक
मंगळवार, ७ ऑक्टोबर २०२५

प्रिय आजोबा,

माझ्या २१ सप्टेंबरच्या पत्रात एक चूक आहे, ती आधी दुरुस्त करते. चर्चमधला गायकांचा सज्जा काढण्याची नोटीस पोर्चमधल्या फळ्यावर अठ्ठावीस दिवस लावलेली होती, असं मी तुम्हाला लिहिलं. ती सव्वीस दिवस होती.

बाकी सगळं ठीक आहे. तुमचं पत्र शनिवारी मिळालं. आता एकाच काठीवर चालता हे वाचून बरं वाटलं. ऑलिव्ह आत्याला सांगा, मुरंबा पोचला, बरणी फुटली नाही. तुमच्या घराच्या खिडक्या मी दर रविवारी उघडते. नासपतीची फळं उतरवली, निम्मी गांधीलमाश्यांनी आधीच खाल्ली होती. परवा रविवारी चर्चमध्ये सुगीचा सण झाला. मिस्टर गॅथरकोल यांचा भोपळा यंदाही सगळ्यांत मोठा होता, आणि यंदाही त्यांनी तो वेदीसमोर अशा जागी ठेवला की प्रवचनाला उभं राहायला रेक्टरबाईंना त्याला वळसा घालून जावं लागलं. त्या मागे वळून मिस्टर गॅथरकोलना म्हणाल्याच, "डेनिस, पुढच्या वर्षी यालाच प्रवचन करू दे." सगळे हसले. मीही हसले.

दोन दिवसांनी असा काय फरक पडतो, असं दुसऱ्या कोणाला वाटलं असतं. तुम्हाला वाटणार नाही. नियम तुम्हीच मला शिकवलात. चर्चमधला खिळा जरी हलवायचा असला तरी नोटीस अठ्ठावीस दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी लावायची, त्या मुदतीत कोणीही लेखी हरकत घेऊ शकतो, आणि मुदत संपली की चर्चच्या समितीच्या चिटणीसाने नोटिशीच्या पाठीमागे तारखा घालून सही करायची. ती चिटणीस आता मी आहे. मी "६ जुलै ते २ ऑगस्ट, अखंड" असं लिहून सही केली. 'अखंड' हा शब्द त्या छापील कागदावर नव्हता. तो मी माझ्या मनाने घातला.

नोटीस फळ्यावर नव्हती ते दोन दिवस म्हणजे १९ आणि २० जुलै. शनिवार आणि रविवार.

तुम्ही आला होतात ते दिवस.

शनिवारी दुपारी बारा वाजता चर्चमध्ये लग्न होतं, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी मी नोटीस काढून ठेवली. पोर्चमध्ये गुलाब लावायचे होते, फोटो काढायचे होते, आणि त्या फोटोंत मध्येच सरकारी थाटाचा पिवळा कागद नको. लग्नाच्या धांदलीत तो परत लावायचा राहिला, रविवारी संध्याकाळी आठवलं आणि लावला. असं मी स्वतःला अडीच महिने सांगत आले. या पत्राचा पहिला मसुदा मी काल लिहिला, त्यातही असंच लिहिलं होतं. तो फाडला.

लग्न खरं होतं. गुलाब खरे होते. पण नवरीच्या आईने कागद काढायला सांगितलं नव्हतं. ती उलट म्हणाली होती, "राहू दे गं, फोटोत पोर्चच्या त्या बाजूचं काही येत नाही." तरी मी काढला. कारण शुक्रवारी संध्याकाळी ऑलिव्ह आत्याचा फोन आला होता: "उद्या आजीचा वाढदिवस, बाबा थडग्यावर फुलं घेऊन यायचं म्हणतात, ऑपरेशननंतर पहिल्यांदाच बाहेर पडतायत, एक रात्र त्यांच्या घरीच राहू." फोन ठेवला आणि मी चर्चकडे निघाले. चार पिना होत्या. त्या मी कोटाच्या खिशात टाकल्या आणि कागद घडी न करता स्तोत्रांच्या पुस्तकांच्या कपाटात सरळ ठेवला. चुरगळू नये म्हणून. म्हणजे परत लावायचा हे मला तेव्हाच ठाऊक होतं, आणि कधी लावायचा हेही.

तुम्ही शनिवारी चारच्या सुमारास आलात. पोर्चमधल्या बाकावर, फळ्याच्या बरोबर खाली बसलात. जमिनीवर पाकळ्या पडल्या होत्या. तुम्ही काठीने त्या बाजूला सारत होतात. मग मान वर करून फळ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "काय गं थर्झी, फुलांच्या पाळ्यांचा कागद आणि हरवलेलं मांजर. एवढंच? माझ्या वेळी या फळ्यावर भांडणं व्हायची."

"आता भांडायला माणसंच नाहीत, आजोबा."

"मी आहे की. खुबा नवा बसवलाय, अजून तीस वर्षं भांडेन. सज्ज्याचं काय झालं?"

मी म्हणाले, "अजून काही नाही."

हे तीन शब्द मी तुमच्या डोळ्यांत बघून बोलले.

मग तुम्ही आत आलात. वर चढता येत नव्हतं, म्हणून सज्ज्याखाली उभं राहून काठीच्या टोकाने पुढची तुळई ठोकलीत, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, कान लावून. दक्षिणेकडून मधोमधपर्यंत टणटण. उत्तरेच्या टोकाला हातभर भद्द. "एवढंच कुजलंय," तुम्ही म्हणालात. "वरचं पन्हाळ गळतंय तिथे. तेवढा तुकडा कापायचा, नवं ओकचं लाकूड सांधायचं, झालं. बाकी लाकूड तुझ्या-माझ्याहून धडधाकट आहे." वास्तुतज्ज्ञांच्या अहवालात 'पुढची तुळई कुजलेली' एवढंच आहे. त्यांनी एकाच ठिकाणी सुरी खुपसली होती, उत्तरेच्या टोकाला. नोटीस फळ्यावर असती तर तुम्ही हे लिहून दिलं असतं. चाळीस वर्षं सुतारकाम केलेल्या माणसाची हरकत त्यांना बाजूला ठेवता आली नसती. तुम्ही तुळई ठोकत होतात तेव्हाच मला हे कळलं. मी तुमचा हात धरून तुम्हाला थडग्याकडे घेऊन गेले.

चहा करून आले. आता पुढचं.

मी असं का केलं, हे सांगायला मला सज्ज्यापासून सुरुवात करावी लागेल, कारण माझी शाळा तिथेच झाली. लहानपणी माझा दमा, आईची नोकरी आणि गावची बंद पडलेली शाळा, या तिन्हींमुळे मी अकरा वर्षांची होईपर्यंत तुमच्याजवळ शिकले. सकाळी तुमच्या स्वयंपाकघरातलं टेबल, दुपारी चर्च. बाप्तिस्म्याच्या कुंडावर आठ देवदूत, पैकी सहांचे चेहरे तासून काढलेले. वजाबाकी मी त्यावर शिकले. मनोऱ्याच्या गारगोट्या एका ओळीत किती, त्यावरून गुणाकार. वेदीपुढच्या कमानीची एक बाजू पानाफुलांनी कोरलेली आणि दुसरी कोरी. ती तशी का, याची तुमची गोष्ट होती की कारागीर प्लेगमध्ये मेला असावा. मी ती वहीत उतरवली तेव्हा तुम्ही म्हणालात, "थांब. कुठल्या रकान्यात लिहिलंस?" माझ्या वहीत तुम्ही तीन रकाने आखून दिले होते: पाहिलेलं, ऐकलेलं, अंदाज. कारागीर मी 'पाहिलेलं'मध्ये घातला होता. तुम्ही रबर पुढे केलंत आणि मी तो खोडून 'अंदाज'मध्ये नेला. मला रडू आलं होतं.

सज्जा मात्र सगळा पहिल्या रकान्यात होता. समोरच्या फळीवर रंगवलेलं १७९७ साल. पाइनच्या साध्या फळ्यांवर कुंचल्याने काढलेल्या ओकच्या रेषा, म्हणजे गरीब गावाने केलेली श्रीमंतीची नक्कल. टोप्या अडकवायच्या अकरा खुंट्या. मागच्या भिंतीवर कोणा कंटाळलेल्या गायकाने पेन्सिलने लिहून ठेवलेली प्रवचनांची मिनिटं: बावन्न, अठ्ठेचाळीस, आणि एका ठिकाणी 'एक तास दहा, देवा सोडव'. पुढे बाजाची पेटी आली, गायकांना खाली यायला सांगितलं, ते रागावून वर्षभर चर्चलाच आले नाहीत. आसपासच्या सगळ्या गावांनी आपापले सज्जे पाडून मनोऱ्याखालच्या कमानी मोकळ्या केल्या. आपल्याला पाडायलाही जमलं नाही, म्हणून आपला राहिला. हे सगळं मला तुमच्यामुळे ठाऊक. मी विसरून केलं, अज्ञानाने केलं, यातलं काहीही मला म्हणता येणार नाही.

मार्चमधली सभा तुम्हाला आठवत असेल. सज्जा काढून मनोऱ्याखाली शौचालय आणि चहाचा ओटा करायचा, हा विषय होता. तुम्ही उठलात आणि चाळीस मिनिटं बोललात. खुंट्या, पेन्सिलची मिनिटं, १७९७. गावातले लोक आधी ऐकत होते, मग घड्याळ बघायला लागले. मिस्टर गॅथरकोल माझ्या शेजारी होते. ते माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "भिंतीवर लिहू का, चाळीस मिनिटं, देवा सोडव?" मला हसू आलं, आजोबा. मी रुमाल तोंडाला लावला. मग ते म्हणाले, "तुझं मत विचारायची गरजच नाही म्हणा. एडविनची नात म्हणजे एडविनचाच आवाज, फक्त बारीक."

त्या क्षणी मला तुमची लाज वाटली. तुमच्या कोपर झिजलेल्या कोटाची, तुम्ही मध्येच थांबून शब्द शोधत होतात त्याची, आणि सगळ्यांत जास्त याची, की तुम्ही बोलत असलेला प्रत्येक शब्द मला पाठ होता आणि ते सगळ्यांना दिसत असेल. मी चोवीस वर्षांची आहे. या गावात मला अजून सगळे 'एडविनची पोर' म्हणतात. मतदानाला मी सज्जा काढण्याच्या बाजूने हात वर केला. तुम्ही पाहिलंत. घरी जाताना तुम्ही एवढंच म्हणालात, "स्वतः विचार करून वर केलास ना? मग ठीक." मी "हो" म्हटलं.

तेही पूर्ण खरं नव्हतं, पण पूर्ण खोटंही नव्हतं. शौचालय हवं असं मला अजूनही वाटतं. आजीच्या अंत्यविधीला तिच्या बहिणीला आडोशासाठी चर्चच्या आवारातल्या यूच्या झाडामागे जावं लागलं, मी तिचा हात धरून उभी होते, ते मी विसरलेले नाही. हे लिहिते आहे ते स्वतःला वाचवायला नव्हे. शौचालय सज्जा न पाडताही, सामानाच्या खोलीत झालं असतं, हे तुम्ही त्या चाळीस मिनिटांत सांगितलं होतं. सभेचं इतिवृत्त मी लिहिलं. त्यात तुमची चाळीस मिनिटं अशी आहेत: "श्री. लार्टर यांनी काळजी व्यक्त केली."

त्यानंतर तुमच्या हरकतीची मला भीतीच बसली. ती आली असती तर प्रकरण धर्मप्रांताच्या न्यायाधीशांपुढे गेलं असतं, तुम्ही तिथे उभे राहिला असता, आणि समितीतल्या प्रत्येकाने माझ्याकडे बघितलं असतं. तुम्ही मे महिन्यात ऑपरेशनला ऑलिव्ह आत्याकडे लोस्टॉफ्टला गेलात तेव्हा मला तुमची काळजी वाटली. आणि सुटल्यासारखंही वाटलं. नोटीस जुलैत लावायची, हे मीच सुचवलं.

परवानगी सप्टेंबरात आली. 'एकही हरकत नाही.' ऑलिव्ह आत्याने ती बातमी आपल्या चर्चच्या पत्रिकेत वाचून तुम्हाला दाखवली आणि तुम्ही मला साधं, चार ओळींचं पत्र लिहिलंत: मी फळ्याखाली बसलो होतो, मला नोटीस कशी दिसली नाही? तेव्हा तरी खरं सांगता आलं असतं. मी लिहिलं, "नोटीस तिथेच होती, आजोबा. कदाचित तुम्ही चष्मा लावला नव्हता."

तुम्ही चष्मा लावला होता. तुम्ही मांजराचा कागद वाचून दाखवला होतात.

मला वाटलं होतं तुम्ही चिडाल, मला खोटं ठरवाल, भांडाल. शनिवारी तुमचं उत्तर आलं. ते मी इतक्या वेळा वाचलंय की पाठ झालंय, तरी समोर ठेवून उतरवते, म्हणजे शब्द बदलणार नाही: "असेल पोरी. तू लिहितेस म्हणजे असणारच. समोरचा कागद दिसत नाही म्हणजे ऑलिव्ह म्हणते तेच खरं, आता एकट्याने राहण्याचे दिवस संपले. डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. डोळे चांगले निघाले तर मात्र डोक्याचीच भीती. महिनाअखेरीस घरमालकाला कळवीन म्हणतो. औजारं तू घे."

हे वाचून रविवारी मी सुगीच्या सणाला गेले. शेवटी मिस्टर गॅथरकोल समितीच्या वतीने उठले आणि म्हणाले, काम २० तारखेला सोमवारी सुरू होतंय, सुतार ठरलेत, आणि हे इतकं बिनबोभाट पार पडलं ते आपल्या तरुण चिटणीसबाईंमुळे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. रेक्टरबाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हाताऱ्या मिसेस फेनने माझा गाल कुरवाळून म्हटलं, "एडविनने शिकवलंय हो, कागदपत्रात चूक व्हायचीच नाही." मी तिला "थँक यू" म्हणाले.

तेव्हा आता हे पहिल्या रकान्यात लिहून घ्या. तुमचे डोळे ठीक आहेत. तुमचं डोकं ठीक आहे. १९ जुलैला त्या फळ्यावर नोटीस नव्हती. तुम्ही पाहिलंत ते बरोबर पाहिलंत. घरमालकाला काही कळवू नका. पुढे कधी दुसऱ्या कारणाने घर सोडायचं ठरलं तर तो तुमचा निर्णय, पण माझ्या खोटेपणावर तो उभा राहू नये. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मात्र जा, तुम्ही पाच वर्षांत गेलेला नाहीत.

हे मी फोनवर सांगितलं असतं, पण तुम्ही पहिल्याच वाक्याला "असू दे पोरी" म्हणाला असता, आणि मी ते घेतलं असतं. म्हणून पत्र. 'असू दे' लिहून पाठवू नका, एवढीच विनंती. क्षमा मी मागत नाहीये. मागायचा अधिकार कधी मिळतो, तो मिळतो का, हे मला ठाऊक नाही, आणि हे तुम्ही मला शिकवलेलंही नाहीत.

पुढे काय होईल तेही सांगते. नोटिशीमागे मी सही करून दिलेला दाखला चुकीचा आहे, असं सांगितल्यावर परवानगी थांबेल. नोटीस पुन्हा पहिल्या दिवसापासून लावावी लागेल. सुतार दुसऱ्या कामाला निघून जातील, शौचालय वर्षभर तरी पुढे जाईल, आणि हिवाळ्यात म्हाताऱ्या बायका पुन्हा यूच्या झाडामागे जातील. तेही माझ्यामुळेच. तुम्ही हरकत घ्याल, ती मान्य होईल की नाही सांगता येत नाही. सज्जा कदाचित शेवटी पाडलाच जाईल. पण तुमचं म्हणणं ऐकून पाडला जाईल.

हे पत्र मी आता लगेच टपालात टाकते, माझा स्वतःवर भरवसा नाही. उद्या बुधवारी दुपारी रेक्टरबाईंना भेटून सांगेन, त्यांच्या पाठीमागे काही करायचं नाही. त्या भल्या आहेत, त्या म्हणतील, "दोनच दिवस ना, थर्झा? आधी आपण शांतपणे विचार करू." म्हणून धर्मप्रांताच्या निबंधकांच्या कार्यालयासाठीचं निवेदन मी आजच लिहून, तारीख घालून, सही करून ठेवलं आहे. त्यात 'धांदलीत राहून गेलं' असं नाही. 'मी जाणूनबुजून काढली, कोणी पाहू नये म्हणून, आणि तो कोणी म्हणजे माझे आजोबा' असं आहे. कार्यालय सकाळी साडेनऊला उघडतं. मी गुरुवारी सव्वासातच्या बसने निघेन.

तुमची नात, आणि गुरुवार, ९ ऑक्टोबरच्या सकाळपर्यंत या चर्चची चिटणीस,

थर्झा लार्टर